मधला पट्टा

नऊ हार्वेस्टर एका शेतात उतरले की एकशे साठ एकर गहू दोन-अडीच तासांत संपतो. तीनाला दरवर्षी हेच खुपायचं. बारा डझन पाव भाजायला दोन दिवस लागतात, अंगण आवरायला एक, आणि माणसं येतात ती एवढ्याशा वेळापुरती. मग वर्षभर त्या अंगणात बर्फ काढणाऱ्या गाडीशिवाय दुसरं चाक वळत नाही.

केलर भावंडांत ती मधली. थोरला गेरहार्ड शहात्तरचा, धाकटा इझाक एकोणसत्तरचा, आणि ही त्र्याहत्तरची. लग्न केलं नाही, आईवडिलांचं करत राहिली आणि त्यांच्यामागे त्याच घरात उरली. वडिलांनी जाताना शेताची पूर्वेची बाजू थोरल्याला दिली, पश्चिमेची धाकट्याला, घर आणि मागचं दहा एकर कुरण हिला. अट एकच घातली, की शेत भुकेल्यांसाठी राहील. इथला गहू विकायचा आणि जिथे पीक बुडालंय, लढाई चाललीय, त्या देशांत मका, डाळ, तेल पोचवायचं. आई लहानपणी रशियातल्या दुष्काळात परक्यांनी वाढलेल्या अन्नावर जगली होती.

चर्चही पूर्वी एकच होतं, ते दुभंगलं. कारण काय, तर ड्रम. तरुण मंडळींनी रविवारच्या गाण्यांना ड्रम आणला आणि त्यावरून एकोणीस वर्षांपूर्वी सभा बसली. गेरहार्ड तेव्हा चर्चच्या पंचांतला. भर सभेत म्हणाला, "ज्याला पटत नसेल त्याला दार उघडं आहे." इझाक उठला आणि खरोखरच त्या दारातून गेला. मागोमाग अर्धं चर्च गेलं. आमची माणसं अशीच. जगाची भूक मिटवायला एका शेतात उतरतील, पण एका छपराखाली गाणी म्हणणार नाहीत. तीना एका रविवारी या चर्चमध्ये जायची, पुढच्या रविवारी त्या. दोन्हीकडे तिला शेवटच्या बाकावर जागा असायची.

शेतात मात्र दोन्ही चर्च यायची. गेरहार्डकडची पाच मशिनं हिरवी, इझाककडची चार लाल. जेवणही तसंच. हिरवी मंडळी एका ट्रकच्या फळीवर बसायची, लाल मंडळी दुसऱ्या. मधे तीना स्टुलावर कॉफीचं भांडं ठेवायची, म्हणजे निदान कॉफीला तरी दोन्हीकडच्यांनी एका जागी यावं. ते यायचे, पण एकेक करून.

"आत्या, यंदा पाव लहान झालेत का गं?" गेरहार्डचा मुलगा डेल्बर्ट एकावर एक गोळा बसवलेल्या दुमजली पावाचा वरचा मजला तोडत म्हणाला.

"पाव तेवढेच आहेत. तुझं तोंड मोठं झालंय."

दोन्ही ट्रकांवर हशा पिकला. इझाकसुद्धा हसला, पाठ न वळवता. तीनाने ते बघितलं आणि तिला बरं वाटलं. मग डेल्बर्टने टोपी काढली. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, पण टोपी हातात फिरवायला लागला तेव्हा तीना कॉफी ओतायची थांबली.

"सगळे आहात तर एक सांगून टाकतो," तो म्हणाला. "बाबांनी त्यांची बाजू माझ्या नावावर केली. पुढच्या वर्षी मी तिथे माझा कनोला पेरतोय, तेलाला विकायला. तेव्हा, म्हणजे, यंदाचं हे शेवटचं."

कुणी आवाज चढवला नाही. आमच्यात चढवत नाहीत.

"हं," एक जण म्हणाला.

"तीस वर्षं काही थोडी नाहीत."

"खूप झालं की," तिसरा म्हणाला आणि त्याने कलिंगडाची फोड उचलली.

लाल ट्रकवरून कुणीतरी म्हणालं, "मग आम्हीही दुसरीकडे बघतो. अर्धं शेत घेऊन काय करायचं?"

तीना कॉफीची किटली हातात धरून थोरल्या भावासमोर उभी राहिली. "गेरहार्ड, बाबांची अट?"

"आता मी काही ठरवत नाही, तीना. पोरगा ठरवतो."

"ठरवत नाहीस, पण सही तूच केलीस ना?"

गेरहार्डने बिनसाखरेची कॉफी ढवळली. तिने मान वर करून लाल ट्रककडे पाहिलं. इझाकला सगळं ऐकू गेलं होतं. तो पावाला आलुबुखाराचा मुरंबा लावत होता, कडेकडेने, अगदी नीट.

यांना कळतं का, तिच्या मनात आलं, की माझ्या दोन भावांचे आवाज एकाच दिवशी माझ्या अंगणात ऐकू येतात तो हा एकच दिवस आहे? कळत नव्हतं. आणि सांगावं तर भुकेल्यांच्या नावाच्या शेतात स्वतःचा एकटेपणा काय गायचा, याची तिला लाज वाटली. ती किटली भरायला आत गेली.

*

जेवणानंतर गेरहार्ड मशीनवर चढला तेव्हा बाकीचे निघायच्या घाईत होते. उद्यापासून पाऊस सांगितला होता आणि प्रत्येकाचा घरचा गहू उभा होता. शेतात आता फक्त मधला पट्टा राहिला होता. पूर्व आणि पश्चिम बाजूंच्या शिवेवर तीस फूट रुंद आणि अर्धा मैल लांब. तो सगळ्यांत शेवटी कापायचा असा रिवाज होता. वडील होते तोवर ते टोपी काढून कापायचे. त्यांच्यामागे दोघा भावांनी पाळी लावून घेतली, एक वर्ष याची, एक वर्ष त्याची. बोलणं बंद झालं तरी पाळी बंद झाली नाही. ती न बोलता पाळता यायची. बाकी कुणी त्या पट्ट्याला हात लावत नसे.

गेल्या वर्षी इझाकची पाळी होती. पण जुलैतच गारा पडल्या आणि कापायला काही राहिलंच नाही. म्हणजे त्याची पाळी राहून गेली, गेरहार्डने हिशेब केला. यंदा त्याचीच. शिवाय शेवटचं वर्ष. शिवाय एप्रिलमध्ये त्याची बायको सारा गेली.

साराच्या अंत्यविधीला गेरहार्ड त्या दुसऱ्या चर्चमध्ये गेला होता. मागच्या ओळीत बसला. निघताना भावाचा हात हातात घेऊन म्हणाला, "फार वाईट झालं." वाटेवरचा कुणीही हेच म्हणाला असता. घरी आल्यावर त्याला स्वतःची इतकी चीड आली की त्याने कोट न काढता कोठाराची अख्खी भिंत रंगवली. एकोणीस वर्षं झाली, आणि अजून त्याला वाटायचं की दार उघडं आहे असं आपण म्हणालो ते कुणी उठणार नाही या खात्रीने म्हणालो. माणूस आपल्याच घरात तसं बोलून जातो. पण हे कुणाला सांगणार?

रस्त्याला लागता लागता डेल्बर्टने ट्रक आडवा घालून काच खाली केली.

"बाबा, पट्टा?"

"इझाक घेईल. त्याची पाळी आहे."

"काका तसं म्हणाले?"

"त्यात म्हणायचं काय?"

डेल्बर्टने काच वर केली. तोही केलरच.

*

तीना कप विसळून झाल्यावर खिडकीशी आली तेव्हा चार वाजले होते. शेतात चिटपाखरू नव्हतं. सगळीकडे कापून झालेली खुंटं, आणि बरोबर मधोमध गव्हाची एक लांबलचक ओळ उभी. तिच्या स्वयंपाकघरापासून निघून थेट उत्तरेच्या रस्त्यापर्यंत.

आधी तिला वाटलं, कुणीतरी येतच असेल. मग साडेचार झाले. मग तिच्या ध्यानात आलं, आणि ती एकटीच मोठ्याने हसली. गारा! एकाने धरलंय पाळी गेली, दुसऱ्याने धरलंय पाळी राहिली. दोघांनी मोठ्या मनाने एकमेकांसाठी सोडलंय आणि दोघे मोठ्या मनाने घरी जाऊन बसलेत.

हसू ओसरलं. पश्चिमेकडे आभाळ दाटून येत होतं. फोन भिंतीवर, हाताच्या अंतरावर होता. एकाला सांगितलं की दहा मिनिटांत काम होईल. मग शेत मोकळं, दिवस संपला, आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमधल्या या शनिवारी ती कुणासाठी पाव भाजणार?

ती खुर्चीवर बसली. नाही केला फोन तर? पट्टा उभा आहे तोवर कापणी झालेली नाही. पाऊस आठवडाभर चालेल. मग शेत वाळायला आठवडा. तोवर रोज सकाळी खिडकी उघडली की ती ओळ दिसेल, आणि तिच्या टोकाला कुणीतरी येणं बाकी असेल. आयुष्यात तिने स्वतःसाठी फारसं काही मागितलं नव्हतं. हे तर मागणंही नव्हतं, नुसतं गप्प बसणं होतं.

एक तास ती गप्प बसली. त्या तासाभरात तिला फार बरं वाटलं, हे खरं सांगायला हवं.

पण आई. आईला ताटात उष्टं चालायचं, शेतात उभं राहिलेलं चालायचं नाही. शेजाऱ्याच्या बांधावर चार ओंब्या दिसल्या तरी खुडून आणायची. विचारलं तर म्हणायची, "तुम्ही वाट बघितली नाहीत कधी, पोरांनो. मी बघितलीय. समोरून कुणी वाटी घेऊन येतंय का याची." बाकी काही सांगायची नाही. आठ वर्षांची असताना तिने धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन ती वाट बघितली होती. बहिणीला ती वाटी मिळाली नाही.

भिजला की हा गहू काळा पडणार, फुटणार. कुणाची तरी वाटी ती इथे बसून अडवून धरत होती. तीना उठली आणि तिने थोरल्याचा नंबर लावला.

"गेरहार्ड, पट्टा उभा आहे."

"इझाकची पाळी आहे."

"त्याला वाटतं तुझी आहे."

"मग त्याला सांग."

"त्यालाही सांगते. पण आत्ता तुला सांगतेय."

तिने ठेवला आणि धाकट्याला लावला.

*

इझाक तेव्हा ओट्याशी उभा राहून थंड सॉसेज खात होता. सारा गेल्यापासून तो टेबलाशी बसत नसे. दुसरी खुर्ची समोर येते.

"ताई, पट्टा दादाचा आहे," तो म्हणाला. "माझी पाळी गारांनी नेली."

"तो म्हणतो तुझी तशीच शिल्लक आहे."

"तो म्हणतो? माझं नाव घेऊन?"

"नाहीतर काय, त्या गारांचं नाव घेऊन? इझाक, पाऊस येतोय."

त्याने सॉसेज तसंच टाकलं.

दक्षिणेच्या रस्त्याने तो तीनाच्या घरावरून आला आणि पट्ट्यात शिरला. निम्म्यावर आला तेव्हा त्याला समोर धूळ दिसली. उत्तरेच्या टोकाकडून हिरवं मशीन त्याच पट्ट्यातून त्याच्याकडे येत होतं. असं कुणी करत नाही. एका ओळीत समोरासमोर दोन हार्वेस्टर घालायला माणूस वेडा तरी हवा, नाहीतर केलर तरी. मधला गहू आखडत गेला, आखडत गेला, आणि दोघे एकदमच थांबले. दोन्ही पात्यांच्या मधे पंधरा फूट गहू उरला होता. काचेपलीकडे त्याला भावाचा चेहरा दिसला. म्हातारा झाला होता. दरवर्षी बघूनही हे त्याने बघितलं नव्हतं.

त्याने मशीन मागे घेतलं, की दादाने कापावं. समोरचंही मशीन त्याच क्षणी मागे सरकलं.

दोघे पुन्हा थांबले. इझाक पुढे आला, तर दादाही पुढे आला. पुन्हा दोघे मागे.

तीना खुंटांतून लगालगा चालत येत होती. एका हातात काठी, डोक्याला रुमाल, आणि तोंडाचा पट्टा केव्हाच सुरू झालेला. दोघांनी इंजिनं बंद केली तेव्हा कुठे ऐकू आलं.

"मेल्यावर स्वर्गाच्या दारातसुद्धा 'आधी तू, आधी तू' करत बसाल! आणि मागे रांग लागेल! उतरा खाली!"

दोघे उतरले. गव्हाच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक. वारा सुटला होता. इझाकला एकोणीस वर्षं काय काय बोलायचं होतं, रात्ररात्र त्याने ते मनात जुळवलं होतं, आणि आता त्यातलं एक अक्षर आठवेना.

"दादा, घे ना तू," तो म्हणाला.

गेरहार्डने खाली बघितलं, मग लाल मशीनकडे. "तुझं डावीकडचं बेअरिंग ओरडतंय," तो म्हणाला.

"माहितीय."

"आठवडाभरात जाईल ते."

"बदलतो."

बस, एवढंच. गेरहार्ड वर चढला, त्याने टोपी काढली आणि तो पंधरा फूट गहू घेतला. श्वासभर वेळ लागला असेल. शेत सपाट झालं आणि इझाकला अचानक सारा हवीशी वाटली, घरी जाऊन हे सांगायला.

तीना कापलेल्या जागेवर उभी होती. "माझं कुरण आहे," ती म्हणाली.

"काय?" गेरहार्ड वरूनच म्हणाला.

"दहा एकर. गायी जाऊन पंधरा वर्षं झाली. नांगरा आणि गहू पेरा. बाबांची अट राहील."

"कुरणात दगड आहेत, तीना. म्हणून तर बाबांनी गायी सोडल्या तिथे."

"दगड मी वेचेन."

"तू त्र्याहत्तरची आहेस!"

"दगड माझ्याहून म्हातारे आहेत."

इझाकला हसू आलं. "ताई, दहा एकरांत नऊ मशिनं वळायचीसुद्धा नाहीत."

"मग एकच आणा," तीना म्हणाली.

कुणाचं आणायचं ते तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. पावसाचे मोठे थेंब पडायला लागले. "कॉफी ठेवलीय," ती म्हणाली. गेरहार्ड म्हणाला ट्रकमधला गहू झाकायचाय. इझाक म्हणाला मशीन भिजेल. एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला. तीना भिजत घरी आली. टेबलावर तीन कप होते. दोन तिने परत कपाटात ठेवले.

*

पाऊस चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी ती हातगाडी घेऊन कुरणात उतरली. सकाळी दोन तास, ऊन कललं की दोन तास. लहान दगड हाताने, मोठे गाडीत लोटून. कंबर इतकी दुखायची की रात्री कूस बदलताना देवाचं नाव घ्यावं लागे. फोन वाजला नाही. रविवारी ती गेरहार्डच्या चर्चला गेली. तिथे त्याने हवेची चौकशी केली.

गुरुवारी ती गोधड्या शिवायला गावात जायची. त्याही दूरदेशीच पाठवायच्या असत. त्या गुरुवारी दिवसभर आठ बायकांत बसून ती परतली आणि सवयीने कुरणाकडे बघितलं, तर पूर्वेच्या कुंपणाशी दगडांचा ढीग होता. तिने रचलेला नव्हे. कमरेएवढी भिंतच होती ती, तळाला मोठे, वर लहान, कडा ओळंब्यात. गेरहार्ड सरपणही तसंच रचतो. पश्चिमेच्या कुंपणाशी दुसरा ढीग होता, दगड जसे पडले तसे टाकलेले. इझाकच्या बुटांची जागासुद्धा लहानपणापासून कधी ठरलेली नव्हती.

चिखलात चाकं उमटली होती. फाटकाशी एका ट्रकच्या खुणांवरून दुसऱ्याच्या गेल्या होत्या. म्हणजे एक गेल्यावर दुसरा आला होता. मागचं दार तिने उघडंच ठेवलं होतं, कॉफीचा डबा ओट्यावर होता. कुणी आत आलं नव्हतं. तिला भरून आलं आणि रागही आला, आणि यातलं आधी काय आलं ते तिला कळेना.

मग ती कुरणाच्या मधोमध गेली. तिथे बाबांचा दगड होता. बाबा त्याला बाबांचा दगड म्हणत नसत. त्याला ते जे म्हणत ते चर्चमध्ये सांगण्यासारखं नाही. गाय आडोशाला बसेल एवढा, निम्मा जमिनीत. त्याच्या पूर्वेला नीट चौकोनी चर खणलेला होता. पश्चिमेला माती वेडीवाकडी उकरलेली. दगड जागचा हललेला नव्हता. तो एका माणसाला हलणारा नव्हताच.

पुढच्या गुरुवारी सकाळी तिने कोठारातून बाबांच्या दोन्ही पहारी ओढत आणल्या आणि दगडाला टेकवून ठेवल्या, दोन्ही एकाच बाजूला. ओसरीवर थर्मास ठेवला, त्यात गरम कॉफी, शेजारी फडक्यात पाव आणि दोन कप.

तिला त्या दिवशी गोधड्यांना जायचं नव्हतं. खिडकीशी बसायचं होतं. पण आपण घरी असलो तर दोघांतला एकही फिरकणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने रुमाल बांधला, गाडी काढली आणि फाटक सताड उघडं ठेवून ती गावाकडे निघाली.